उशाशी बसणाऱ्यांची खोली

कुमुदताईंना शेवटचं पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी आपली वाकून विचारते आहे, "कसं वाटतंय?" आणि बाईंच्या कपाळावर आठी! मरणाच्या दारातसुद्धा माझ्यावर रागावल्या. मग सुई टोचलेला हात कसाबसा उचलला, पाची बोटं जुळवून मास्कपाशी नेली. जेवलीस का? मी म्हटलं, "हो हो, जेवले." कुठलं जेवले... सकाळपासून घोटभर चहासुद्धा घशाखाली उतरला नव्हता. पण त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पुतण्याचा, अनंतचा फोन आला, "मावशी, काकू गेली." त्याला बरेच आठवडे झाले. घरात अजून दुपारचं ताट वाढून घ्यावंसं वाटत नाही.

हैदराबादेत हिमायतनगरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्या नारायणगुड्याच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, यजमान वकील, मूलबाळ नाही. वकीलसाहेब आजारी पडले आणि पार शेवटापर्यंत इस्पितळातच राहिले. पुढे एकदा भाजी निवडताना ताई मला म्हणाल्या, "शैला, सगळं गाव येऊन विचारायचं, वकीलसाहेब कसे आहेत? तेच तेच सांगून माझी जीभ सुकायची. मी न्हाणीघरात लपून बिस्किटं खायची गं, कोणी बघितलं तर म्हणेल, हिला खाणं सुचतंय! कोणी एकानं तरी विचारलं का, बाई, तू जेवलीस का? तू विचारलंस?" नव्हतं विचारलं. अशी रोखठोक बाई. तोंडावर सांगणार आणि वर भाजीही निवडून घेणार.

मग त्यांनी घर विकलं, स्वतः दोन खोल्यांत राहायला गेल्या आणि यजमानांच्या नावानं छोटासा ट्रस्ट काढला. विश्वस्त तीन: त्या, मी आणि अनंत. ट्रस्ट निघाल्याची कुणकुण लागायचा अवकाश, मागणारे दारात हजर. कोणाला देवळाचा मंडप हवा, कोणाला शाळेत कॉम्प्युटर. एक गृहस्थ म्हणाले, "ताई, साहेबांच्या नावाची मोठ्ठी पाटी लावू." ताई म्हणाल्या, "पाटी लावायला माझ्या नवऱ्याचं काय दुकान होतं?" चहा पाजून सगळ्यांना वाटेला लावलं.

आणि नामपल्लीला स्टेशनाजवळ एक खोली भाड्यानं घेतली. नांदेड, उदगीर, बिदरकडची माणसं पेशंट घेऊन हैदराबादला येतात. पेशंटला खाट मिळते, सोबतचा माणूस गाठोडं घेऊन जिन्यात. त्याच्यासाठी ही खोली. अंघोळीला गरम पाणी, कपडे वाळवायला दोरी, पाठ टेकायला सतरंजी आणि दुपारी स्वयंपाकाच्या बाईनं रांधून ठेवलेला भात नि खट्टी दाळ. बस्स. औषधाला पैसे नाहीत, ऑपरेशनला नाहीत. मी म्हटलं, "अहो, हे काय खूळ! रोग्याला द्यायचं सोडून..." तर म्हणाल्या, "रोग्याला देणारे आहेत, शैला. उशाशी बसलेल्याचं कोणी नाही." खोलीचा कायदा एकच, पण कडक: इथं पेशंट कसा आहे ते विचारायचं नाही. विचारायचं फक्त जेवणाचं. दुपारी एकच्या सुमाराला ताई दारात उभ्या राहायच्या. "जेवलात का?" "तिन्नारा?" "खाना हुआ?" माणूस बघून भाषा बदलायची, प्रश्न तोच. ज्या दिवशी गुडघे दुखून जाणं व्हायचं नाही, त्या दिवशी तोच प्रश्न फोनवरून मला. मी वैतागायची. "हौ, हौ, जेवले! ठेवा आता."

ताई गेल्यावर विश्वस्त उरलो दोघं. अनंत वाईट मुलगा नाही. काकूच्या आजारपणात इस्पितळात तोच बसून असायचा. पण तो म्हणाला, "मावशी, याचं आउटपुट काय? माणसं येतात, जेवतात, जातात. तेवढ्या पैशात एखाद्या पोराला स्कॉलरशिप दिली तर तो इंजिनिअर होईल. काकूचं नाव राहील." दोन्ही करायची ट्रस्टची ऐपत नाही. त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं, म्हणून तर माझा संताप संताप झाला. भांडले असते, पण भांडायला अंगात जीव कुठे होता? ताईंशिवाय त्या खोलीत पाऊल टाकायचीच मला धास्ती. शेवटी म्हटलं, कर बाबा तुझ्या मनासारखं. महिना संपला की घरमालकाला किल्ली द्यायची असं ठरलं आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी किल्ली घेऊन आम्ही दोघं खोलीवर गेलो.

दुपारची वेळ. सतरंजीवर निलंग्याकडची एक बाई एकटीच गाठोडं बांधत बसली होती. अनंत खोलीवर पहिल्यांदाच आलेला, त्याला कायदा माहीत नव्हता. तो आपला सभ्यपणानं म्हणाला, "पेशंट कसे आहेत आता?"

बाईचा हात गाठीवर थांबला. "गेले की... सकाळीच. दीर गेलाय कागदं करायला. गाडी आली की नेतो गावाकडं."

अनंतचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. बाईनं गाठ आवळली, आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं नि म्हणाली, "तुमी जेवलाव का?"

"नाही," मी म्हटलं. "जेवले नाही."

"मग घ्या की वाढून. माझ्या हातचं चालायचं नाही आज. भात गरम हाय."

अनंतनं ताटं घेतली, वाढलं. आम्ही भिंतीशी बसून जेवलो. खट्टी दाळ तशीच होती, ताईंना आवडायची तशी, जराशी जास्तच आंबट... खालून हॉर्न वाजला. बाई उठली, गाठोडं काखेत घेतलं. तिच्या डोळ्यांत तोवर पाण्याचा टिपूस नव्हता. अनंत उष्ट्या हातानं तसाच उठून दारापर्यंत गेला. मला वाटलं, आता हा पुन्हा काहीतरी भलतंच बोलणार.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही काही खाल्लंत का?"

ती उंबऱ्यावर मटकन बसली आणि मोठ्यानं रडायला लागली.

गाठोडं अनंतनंच खाली गाडीपर्यंत नेलं. घरमालक तिथंच उभा होता. किल्ली द्यायची राहूनच गेली. ती अजून अनंतच्या खिशात आहे.