सरदाराच्या देवळाचा इतिहास

कापड्याहून घाटाकडे निघालं की डाव्या हाताला माझी चहाची टपरी आणि तिला लागून एक खोली. दारात उंच काठीवर केशरी निशाण. गाव त्याला सरदाराचं देऊळ म्हणतं. आमच्या बायका तिथं नारळसुद्धा फोडतात, नको म्हणून मी सांगून दमले. महाडचे मुसलमान ट्रकवाले डोक्याला रुमाल बांधून आत जाऊन येतात. ग्रंथसाहेब वर्षातून एकदाच येतो. सरदाराचा थोरला भाऊ तो डोक्यावर घेऊन गाडीतून उतरतो, त्या दिवशी सगळ्या गावाला लंगर असतो, आणि नुसत्या रोटीनं आमची पोटं भरत नाहीत म्हणून भाताचं पातेलं माझ्याकडून जातं.

जागा माझी. केवढं मोठं मन, असं लोक म्हणाले. मन कसलं डोंबलाचं!

ज्याच्या नावाचं देऊळ, तो सरदार खूप वर्षांपूर्वी श्रावणात आला होता. ट्रक चालूच ठेवून उतरला, उभ्यानं चहा प्यायला आणि म्हणाला, "माई, ऊपर रास्ता चालू है ना?" दिवसातून वीसदा हाच प्रश्न. त्यात दूध उतू चाललेलं, माझं डोकं फिरलेलं. शिवाय रस्ता विचारणाऱ्याला 'ठाऊक नाय' म्हणायची आमच्याकडे रीतच नाही, अपमान वाटतो आपलाच. मी मान वर न करता म्हटलं, "हाय हाय, जावा." सकाळपासून वरून एकही गाडी उतरली नव्हती, हे मला दिसत होतं. तासाभरानं बातमी आली, दरड ट्रकवर आली म्हणून.

तिसऱ्या दिवशी भाऊ आला. सरदारानं वर जाण्याआधी कुणाला रस्ता विचारला होता का, एवढंच भावाला हवं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नको म्हटलं होतं. ऐकलं नाय त्यांनी." तो माणूस वाकला आणि माझ्या पाया पडला. मला तेव्हाच मरण आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी खोली उभी राहिली. दरवर्षी भाऊ सगळ्यांसमोर तेच सांगायचा, या बहिणीनं अडवलं होतं, पण आमचा भाऊ हट्टी. मी पदर डोक्यावर ओढून खाली बघत बसायची. अजून पावसाळ्यात, भर दुपारी, बाहेर ट्रक धडधडत उभा असल्यासारखा वाटतो. गॅस बारीक करून बघते, रस्ता मोकळा असतो. कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

यंदा भावानं संगमरवरी पाटी लावायची ठरवली, देवळाचा इतिहास मराठीत आणि पंजाबीत. मजकूर दाखवायला सरदाराची मुलगी आली. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. कळंबोलीत वाढलेली, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. तिनं मोबाइलवर वाचून दाखवलं: 'गावातील माऊलीने अडवूनही ते हट्टाने पुढे गेले.' म्हणाली, "मावशी, दगडात कोरायचंय. काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा."

दगडात म्हटल्यावर मी गॅस बंद केला. बाकावर बसले आणि सांगून टाकलं. दुधाचं, माझ्या डोक्याचं, 'हाय हाय, जावा'चं, सगळं. वाटलं, आता ही थोबाडीत मारील. मारली असती तर बरं वाटलं असतं.

तिनं मोबाइल बाकावर ठेवला. मग म्हणाली, "मम्मी आयुष्यभर पप्पांवर रागावलेली होती. कुणाचं ऐकलं नाही, आम्हाला टाकून गेला, म्हणायची. मी हट्ट केला की म्हणायची, बापावर गेलीस. फोटोसुद्धा लावू दिला नाही."

"तिला सांग गो आता," मी म्हटलं. "मी येते, मी सांगते."

"मम्मी होळीच्या आधी गेली, मावशी."

तिनं ती ओळ पुसली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. एकेक अक्षर शोधत मी लिहिलं: त्यांनी विचारलं होतं.