घासून लख्ख केलेलं भांडं

वाघमारे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी खूप रडले. रडू ओसरलं... राग मात्र महिना झाला तरी ओसरत नाही.

लातूरच्या आमच्या कॉलेजात शोकसभा होती. सरांच्या फोटोपुढं त्यांच्या प्रयोगाचं काचेचं भांडं मांडलेलं, आतून आम्लानं घासून लख्ख केलेलं. "पार काळं पडलं होतं, मॅडम. बघवत नव्हतं," विभागप्रमुख कौतुकानं म्हणाले. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख!

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आम्ही बी.एस्सी.ला होतो. दुष्काळ, नळ कोरडे. हदगावहून आलेले सर आमच्यासारख्या पोरापोरींना घेऊन संशोधन करत, आणि बाकीचे प्राध्यापक हसत. तापल्या भांड्यात ब्रोमोइथेनची वाफ सोडायची. ती फुटून तिचे दोन वायू होऊ लागले की दाब वाढतो, पारा चढतो. एकानं घड्याळ बघायचं, दुसऱ्यानं आकडा ओरडायचा. त्यावरून फुटण्याचा वेग काढायचा. मी तर मोठी विदुषी! दोन वेण्या, इस्त्रीची साडी. भट्टीतून काढलेलं भांडं आतून काळं दिसलं, तशी टँकरच्या पाण्याची कळशी अन् राख घेऊन बसले.

"काय करून राहिलीस गं?"

"घासते, सर. लई घाण झालंय."

"ठेव खाली! कोऱ्या काचेला चिकटून वाफ भलतीच फुटती. मग तू वेग मोजशील तो काचेचा, वायूचा न्हाई. मागच्या पोरांनी प्रयोग करकरून धरलंय ते काजळ." मग कळशीकडं बघून म्हणाले, "अन् पाणी लई झालं असंल तर आमच्या घरी दे. कालपासून आंघोळ न्हाई."

त्या काजळावर पुढं प्रत्येक वर्षाच्या पोरांनी आपला थर चढवला. निवृत्तीनंतरही सर रोज येत. हिमायतनगरची प्रज्ञा ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी.

सभेत जो तो उठून म्हणे, सर साधे, प्रेमळ. प्रेमळ कसले! अंदाजानं आकडा लिहिला की खडू फेकून मारत. त्यांनी काय मोजलं, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही.

"आजी, माझी निम्मी रीडिंगं राहिलीत," प्रज्ञा माझ्या कानाशी म्हणाली. "आता आधीच्यांशी जुळायची न्हाईत."

विभागप्रमुखांनी ऐकलं. "दुसरा विषय घे. ग्रंथालयात बसून होईल असा."

मी उठले आणि फोटोपुढचं भांडं उचललं.

"मॅडम, सभा चालू आहे!"

"चालू द्या."

आता दर सोमवारी मी जवळच्या मुरुडहून बसनं लातूरला जाते. आम्ही दोघी प्रयोग करतो ते मोजण्यासाठी नव्हे, नुसतं काजळ धरण्यासाठी. काल भट्टी निवल्यावर बुडाशी तपकिरी झाक दिसली. "आजी, मळलं!" प्रज्ञा किंचाळली. काय झालं म्हणून विभागप्रमुख धावत आले.

मी दार लावून घेतलं.