हवा खायला नेलेली पुस्तकं

नाशकात वाचनालयातून पुस्तकं वाचायला नेणारे पुष्कळ असतील, पण पुस्तकांना बाहेरची हवा लागावी म्हणून त्यांना नेणारी बाई एकच होती, आणि ती माझी सख्खी मामी होती. तिच्या घराजवळच्या वाचनालयात बरीच वर्षं कुणी न नेलेलं पुस्तक बाद करून रद्दीत घालायची पद्धत होती. बाद होणाऱ्यांत बायकांनी लिहिलेली पुस्तकं फार असतात, हे मामीने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी हेरलं, आणि मामांच्या निवांत आयुष्याला दृष्ट लागली.

लेखिकांच्या कादंबऱ्या तिथे इतर कादंबऱ्यांत नसत. दाराआड, पाण्याच्या माठाजवळ 'महिलांसाठी' असं एक कपाट होतं. त्यात लोणची, रांगोळी आणि विणकाम यांच्यामध्ये त्या बिचाऱ्या अंग चोरून उभ्या असत. चांगले वाचक तिकडे फक्त पाणी प्यायला जात. मामीने मग आम्हा सगळ्यांना सभासद करून टाकलं आणि प्रत्येकाच्या नावावर पुस्तकं न्यायला सुरुवात केली. सटाण्याहून सणाला आलेल्या विहीणबाईही सुटल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माले वाचाले टाईम कोठे शे?" मामी म्हणाली, "वाचू नका. नुसतं नेऊन आणा." दर शनिवारी मामा कापडी पिशवी घेऊन तिच्या मागून चालत. स्वतः ते वर्तमानपत्रातल्या क्रिकेटच्या पानापलीकडे कधी गेले नाहीत. तरी त्यांच्या नावावरची पुस्तकं पाहून वाचनालयाने एकदा उत्कृष्ट वाचक म्हणून त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. दोन शब्द बोलायचा आग्रह झाला तेव्हा मामा म्हणाले, "मी फक्त पिशवी उचलतो." लोकांना तो त्यांचा विनय वाटला आणि टाळ्या थांबेनात.

पण मामीचा खरा जीव एका लेखिकेत अडकला होता. त्या बाईंची पहिली कादंबरी माहेरच्या आडनावाने होती आणि दुसरी सासरच्या. त्यामुळे एक वरच्या फळीवर आणि दुसरी पार तळाला. एक वाचून आवडली तरी दुसरी आहे हे कुणाला कळायचं नाही, आणि दोघी बाद व्हायच्या बेताला आलेल्या. मामी त्यांना शेजारी लावी, ग्रंथपाल साहेब पुन्हा वेगळ्या करीत.

"या दोन वेगळ्या लेखिका आहेत, बाई."

"एकच आहे. मध्ये लग्न झालं, एवढंच."

"आडनावाप्रमाणे लावायचा नियम आहे."

"मग घरी गेल्यावर वहिनींना विचारा, त्या कुठल्या फळीवर आहेत."

साहेबांनी घरी विचारलं की नाही, ठाऊक नाही. फळीवर त्या जागी मोकळं दिसलं की मामीचा चेहरा पडे. एकदा कादंबरी नुसती बाइंडिंगला गेली होती, तर ती परत येईपर्यंत घरात धड स्वयंपाक झाला नाही.

मामी गेली, त्यानंतर काही महिन्यांनी मामांबरोबर मी तिची शेवटची पुस्तकं परत करायला गेलो. मधल्या काळात वाचनालयाची डागडुजी झाली होती आणि दाराआडचं कपाट दिसत नव्हतं. साहेब आता थकले होते. मान वर न करता म्हणाले, "बाईंच्या दोघी तिकडे, कादंबऱ्यांत आहेत. शेजारी शेजारी लावल्यात." आम्ही पाहिलं, तर तिथे दोन पुस्तकांएवढी जागा मोकळी होती.

मामा साहेबांकडे वळले. "बाद केल्यात?"

"बाद कशाला करीन? परवा एक मुलगी आली, एक चाळून पाहिली आणि दोन्ही घेऊन गेली. तुमच्यातली नव्हे हो. मी तिला पूर्वी कधी पाहिलेली नाही."

मामांनी पिशवीतली पुस्तकं काढून साहेबांपुढे ठेवली. हे ऐकायला मामी हवी होती, असं मला फार वाटलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, आता पिशवी ठेवून द्यायला हरकत नाही." त्यांनी पिशवीची नीट घडी केली, बगलेत धरली, चार पावलं चालले आणि थांबले. "बाकीच्या आहेत ना अजून," असं म्हणून ते पुन्हा वाचनालयाच्या पायऱ्या चढू लागले.