दोन चौकटींमधली रेघ

दिवाळी अंकाच्या संपादकांचा पुन्हा फोन आला. "ताई, चित्र संध्याकाळपर्यंत हवंच हं, अंक छपाईला चाललाय." विषयही त्यांनीच दिलेला: आईबाप आणि त्यांचं वांड पोर. विनोदी पाहिजे म्हणे! आमच्या मनवेलपाड्याच्या घरात तेव्हा विनोद कसला सुचतोय, नवरा-बायकोत अबोला होता. नवऱ्याने मला न विचारता नागपूरची बदली घेतली होती आणि रविवारी तो निघणार होता. असाच न बोलता गेला तर उद्या पाहुण्यासारखा येईल-जाईल, ही धास्ती माझ्या पोटात बसली होती. पण आधी मी बोलू? बोलतंय माझं खेटर!

सगळे निरोप लेकीमार्फत. "बाबांना सांग, पाणी आलंय, पिंप भरून ठेव म्हणावं." "आईला सांग, डबा नकोय." आणि कार्टी निरोप मधल्यामध्ये बदलायची. एकदा येऊन म्हणाली, "आई, बाबा म्हणतात, तू आज छान दिसतेस." तेव्हा मला संशय आला. हा माणूस लग्नाच्या दिवशीसुद्धा असलं काही बोलला नव्हता.

तेच चित्र काढायला घेतलं. डाव्या चौकटीत ओट्यापाशी फणकारलेली आई, उजव्या चौकटीत बॅग भरणारे बाबा, मधे जाड रेघ, आणि तिच्यावरून उड्या मारत खोटे निरोप पोचवणारी पोर. शाई भरून झाली. ती वाळेपर्यंत दूध तापवावं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

परत येते तर पोरगी टेबलावर चढून बसलेली, हातात माझ्या पांढऱ्या रंगाची बाटली. मधली रेघ तिने वरपासून खालपर्यंत रंगवून पार घालवली होती.

"अगं भवाने, काय केलंस हे!" माझा हात उगारला गेला. ओरडा ऐकून नवरा आतून धावत आला. पोर घाबरली होती, पण बाटली सोडेना.

"ते एकाच घरात राहतात ना? मग मधे भिंत कशाला?"

मी चित्राकडे पाहिलं. ती बाई आणि तो माणूस आता एकाच खोलीत समोरासमोर उभे होते, आणि दोघांनाही मी बोलायला तोंडच काढलं नव्हतं. नवराही वाकून बघत राहिला.

"आईला सांग," तो म्हणाला, "असंच पाठव म्हणावं."

"बाबांना सांग..."

"मी नाही सांगणार जा! तुमचं तुम्ही बोला." दार आपटून ती खाली खेळायला पळाली.

खोलीत आम्ही दोघं आणि ते ओलं चित्र.

"विचारायचं तरी होतंस रे मला," मी म्हणाले आणि रडूच फुटलं.

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. "बरं, मग आता विचारतो," म्हणाला. "जाऊ का?"