शून्य वस्तीचं बेट

"सही कर आणि पाठव. त्या बेटावर कोणी नाही, लाह," मिस्टर टॅन म्हणाले. ते माझे बॉस. वाक्याला 'लाह' जोडायची त्यांची सिंगापुरी सवय.

"नाही करत," मी म्हणाले.

आमच्या सिंगापूरच्या, हार्बरफ्रंटमधल्या ऑफिसात बॉसला असं तोंडावर कोणी बोलत नाही. पण मी पुण्याची. वाद घालायला आम्हाला आमंत्रण लागत नाही.

मी सॅटेलाइटच्या फोटोंवरून नकाशे बनवते. हिंदी महासागरातल्या एका अ‍ॅटॉलचं काम आलं होतं. अ‍ॅटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं. मध्ये उथळ, शांत पाणी, बाहेर खोल समुद्र. बेटं इतकी सखल की मोठी लाट सरळ अंगणात येते. कुठल्या बेटाला संरक्षक भिंत मिळणार, ते आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं. लोकसंख्या शून्य, तर बेट बाद.

टोकाच्या एका बेटापुढे शून्य लागलं होतं. जनगणनेतही शून्यच. सॉफ्टवेअरला तिथे एकही छप्पर सापडलं नव्हतं.

मी फोटो मोठा करून बघत बसले. माडांच्या मधूनमधून वाळूचे पांढरेशुभ्र तुकडे दिसत होते. ओसाड बेटावर वाळू अशी राहत नाही, पाल्याझुडपांनी भरून जाते. अहो, ही तर अंगणं! कोणीतरी ती रोज झाडत होतं. घरांवर झावळ्यांची छपरं, म्हणून सॉफ्टवेअरने घरंसुद्धा माडांतच धरली.

"झाडलेली वाळू हा डेटा नाही," मिस्टर टॅन म्हणाले. "जनगणना सरकारची आहे. तू सरकारपेक्षा शहाणी?"

"नसेन. पण 'तपासलं' म्हणून खोटी सही मी करणार नाही. त्या पानावरून माझं नाव काढा."

"तुझा वर्क पास कंपनीमुळे आहे, विसरू नकोस."

म्हणजे नोकरी गेली की सिंगापूरही सुटलं. मला संतापच आला. धमकी देतो काय!

"नाही विसरत. पण आधी एक कॉल लावते. तुम्हीही बसा."

अ‍ॅटॉलच्या मुख्य बेटावर स्थानिक कौन्सिलच्या हव्वा नावाच्या अधिकारी होत्या. त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि सरळ विचारलं, "त्या टोकाच्या बेटावर कोणी राहतं का?"

त्या हसल्याच. "माझी आई राहते! शाळा इथे आहे, म्हणून तिथली सगळी कुटुंबं नावं इथे नोंदवतात. मुलं इथे नातेवाइकांकडे, मोठी माणसं तिथेच." मग त्यांचं हसू मावळलं. "तुम्ही काय लिहिलंय?"

मिस्टर टॅन खाली बघत होते. मीच म्हणाले, "शून्य."

"माझ्या आईला विचारलंत?"

"नाही. आता विचारतो," मी म्हणाले. "घरटी माणसं मोजून लेखी कळवाल?"

कौन्सिलने घरटी माणसं मोजून लेखी कळवली. शून्य खोडलं गेलं आणि बेट यादीत राहिलं. त्याच्या भिंतीचा नंबर सगळ्यात शेवटी लागलाय, पण लागलाय. रिपोर्ट उशिरा गेला, क्लायंट चिडला, आणि मला त्या प्रोजेक्टवरून काढलं. पास तेवढा वाचला.

या धंद्यात मी एक शिकले. शून्य लिहायला काहीच कष्ट पडत नाहीत, खोडायला मात्र भांडावं लागतं. मी पुन्हा भांडेन.