गुडघ्याएवढ्या लाटेसाठी फळी

मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर फय्याज मिस्त्रींचं सुतारकामाचं दुकान आहे. माणूस पंचेचाळिशीचा, अंगानं किरकोळ आणि स्वभावानं भलताच काळजीखोर. कुणाकडे दार बसवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्या घरी हजर. पटाशी राहिली वाटते, असं काहीतरी निमित्त सांगायचं आणि दार चारदा उघडून लावून बघायचं. लोक हसत. पण पावसाळ्यात गावातली दारं फुगून अडायला लागली की त्यांनी बसवलेली दारं मात्र बिनतक्रार लागत.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना एक असं काम आलं की जे दुसऱ्या दिवशी जाऊन बघण्याची सोयच नव्हती.

काम आणलं योगिनीनं. ही जवळच्याच जऊळका गावातल्या पुंजाजींची मुलगी. पुंजाजी म्हणजे फय्याजभाईंचे शाळेपासूनचे दोस्त, त्यांच्या घराची सगळी दारं-खिडक्या यांच्याच हातच्या. योगिनी शेततळ्यात पाठीला रिकामी कॅन बांधून पोहायला शिकली होती. पुढे हॉटेलचा कोर्स करून ती मालवणच्या बाजूला एका लॉजवर कामाला लागली आणि तिथं समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन उभं राहायला शिकली. जानेवारीत तिकडच्या लोकांनी एक छोटी स्पर्धा ठेवली होती. तिथल्या सर्फिंग शाळेच्या फळ्या शिकाऊ लोकांच्या, झिजलेल्या. योगिनीला स्वतःची हवी होती. तिनं मोबाइलवर एका फळीचा फोटो पाठवला. सुरीसारखी निमुळती, पातळ, अठरा इंच रुंद. सोबत निरोप होता, चाचा, अश्शीच करून द्या.

फय्याजभाईंनी हो म्हटलं आणि मग विचार करत बसले. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. पोहता येत नव्हतं. लाकडाची चूक झाली तर दार अडतं, पलंग कुरकुरतो. इथं मित्राची मुलगी त्या लाकडावर उभी राहणार होती, आणि खाली पाणी.

ते योगिनीला रोज एक प्रश्न विचारू लागले. तुझं वजन किती? अठ्ठावन्न किलो. जानेवारीत लाट केवढी असते? ती म्हणाली, पावसाळ्यात मोठी असते, थंडीत कमरेएवढी, कधी कधी गुडघ्याएवढीच. मग ते दुकानात बसून व्हिडिओ बघत राहिले. निमुळत्या फळ्यांवरची माणसं घराएवढ्या लाटांवरून घसरत होती. लहान लाटांवर मात्र कुणी तसली फळी घेत नव्हतं. त्यांच्या फळ्या रुंद, जाड, पुढून बोथट आणि बुडाला सपाट होत्या. अमिरुन्निसा, त्यांची बायको, चहा घेऊन आली तेव्हा ते तिला म्हणाले की मोठी लाट ढकलून नेते, लहान लाटेत ढकलायची ताकदच नसते, म्हणून फळीनं आपणच वर तरंगून राहायला पाहिजे. अमिरुन्निसा म्हणाली, मग तसं सांगा पोरीला. ते म्हणाले, पण माझंच चुकत असलं तर?

खात्री करायला त्यांनी मंडपवाल्याकडून थर्माकोल आणला. एक तुकडा फोटोतल्यासारखा कापला, दुसरा बावीस इंच रुंद आणि इंचभर जास्त जाड. दोन्ही घेऊन ते जऊळक्याला गेले. पुंजाजींचं वजन मुलीएवढंच होतं आणि पोहता येत होतं. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरतो म्हणून फय्याजभाईंनी पुंजाजींच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला तीन वेढे देऊन धरलं.

निमुळत्या तुकड्यावर पुंजाजी पालथे पडले तसे छातीपर्यंत पाण्यात गेले. फय्याजभाईंनी घाबरून दोर ओढला आणि पुंजाजी फळीसकट उलटे झाले. पाणी थुंकत ते म्हणाले, "काहून ओढून राह्यला बे? मी बुडून राह्यलो काय?" रुंद तुकड्यावर मात्र ते कोरड्या पाठीनं आडवे राहिले. हातानं पाणी मागं सारत पार पलीकडे जाऊन आले.

संध्याकाळी फय्याजभाईंनी योगिनीला फोन केला. ती ऐकून घेईना. तशी फळी नवशिके घेतात, मुंबई-गोव्याच्या मुली हसतील, सांगितलं तेवढंच करा, असं तिचं म्हणणं. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या मापानं काम केलेला माणूस, पण या वेळी ते अडले.

"दरवाजा तू सांगशील तसा करून देईन बेटा," ते म्हणाले. "ह्याच्यावर तुले उभं राहा लागते. मले भेव वाटते."

योगिनीनं फोन ठेवला. आठ दिवस तिचा आवाज नाही. त्या आठ दिवसांत फय्याजभाईंनी दोन्ही मापांचे कागदी नमुने कापले आणि कुठल्याच लाकडाला हात लावला नाही. मुलगी रागावली ही एक काळजी, आणि आपण तिची जिद्द मोडली ही दुसरी. नवव्या दिवशी तिचा फोन आला. तिनं एकीची निमुळती फळी मागून घेतली होती. सकाळपासून अकरा लाटा आल्या, फळी जागची हलली नाही. अकराही लाटा तिच्या खालून निघून गेल्या.

"रुंद करा चाचा," ती म्हणाली. "पण टोक जरासं तरी काढा."

त्यांनी टोक काढलं, चार सूत, म्हणजे अर्धा इंच.

फळी आतून पोकळ करायची होती, नाहीतर वजन झेपलं नसतं. शिवण झाडाच्या हलक्या लाकडाच्या बारीक पट्ट्या आत बसवल्या, वरून पातळ प्लायवूड, त्यावर फायबरचं कापड आणि इपॉक्सीचा घट्ट चिकटणारा लेप. पोकळ वस्तू उन्हात तापली की आतली हवा फुगते, म्हणून मागच्या बाजूला हवा सोडायला एक पितळी स्क्रू ठेवला. प्रवासात तो ढिला ठेवायचा आणि पाण्यात उतरताना आवळायचा.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी दोघे मित्र निघाले. फळी वाकळीत गुंडाळलेली. कोल्हापूरहून पुढे जीपच्या टपावर ती बांधताना फय्याजभाईंच्या मनात आलं की रस्त्याची धूळ स्क्रूच्या भोकातून आत जाईल. त्यांनी स्क्रू घट्ट आवळला. दिवसभर ऊन, शिवाय घाटातले धक्के. किनाऱ्यावर पोचून वाकळ सोडली तेव्हा एका कडेचा सांधा वीतभर उकललेला होता.

समोर पहिल्यांदा समुद्र होता, पण त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. ते वाळूत बसले आणि त्या फटीवरून बोट फिरवत राहिले. योगिनी आली तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. स्क्रू मीच आवळला, चूक माझी, तू शाळेची फळी घे, म्हणाले. योगिनीनं खाली बसून फट पाहिली.

"तुमी जोडली तं धरंल काय?"

दार धरेल का असं विचारलं तरी फय्याजभाई आजवर "बघू" म्हणत आलेले. त्यांनी फट पुन्हा चाचपली. आतल्या पट्ट्या शाबूत होत्या.

"उद्या बारापर्यंत हात लावू नको," ते म्हणाले. "मंग धरंल."

काळजीखोर माणसाच्या पिशवीत सगळं असतं. इपॉक्सी होतं, शिवणीचा मऊ भुसा होता, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या होत्या. भुसा कालवून त्यांनी फट भरली, पट्ट्यांनी कड आवळून बांधली आणि स्क्रू काढून फळी वाळत ठेवली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून ते तिच्यापाशी बसून होते. लोक येऊन बघून जात होते. दोघी मुली खरोखरच हसल्या. ते योगिनीनं ऐकलं, फय्याजभाईंनीही ऐकलं.

साडेबाराला तिची पाळी आली. फय्याजभाईंनी पट्ट्या सोडल्या आणि स्क्रू आवळला. लाट गुडघ्याएवढी, तीही मधूनच. चार मुली पाण्यात होत्या. निमुळत्या फळ्यांवरच्या तिघी कमरेपर्यंत बुडून बसलेल्या, लाट आली की हात मारायच्या आणि लाट पुढे निघून जायची. फय्याजभाई योगिनीकडे बघतच नव्हते. पाण्याबाहेर फळीची कड किती दिसते, तेवढंच बघत होते. ती खाली चाललीय असं त्यांना दोनदा वाटलं आणि दोन्हीदा त्यांनी पुंजाजींचा दंड धरला.

मग एक लाट आली. योगिनीनं चार हात मारले, फळी सरकली आणि ती उभी राहिली. लाट फार लांब नव्हती. तिनं फळी किनाऱ्याच्या फेसापर्यंत आणली आणि परत वळली. वीस मिनिटांत तिला तशा पाच लाटा मिळाल्या, एकीवर ती आपटली. त्या फेरीत ती पहिली आली. चारनंतर दुसऱ्या फेरीत गोव्याच्या एका मुलीपुढे हरली. त्या मुलीची फळीही रुंदच होती, आणि तिला वळता फार सुरेख येत होतं. हे योगिनीनंच सांगितलं, आणि वळायला शिकायला अजून वर्ष लागेल असंही म्हणाली.

फय्याजभाईंनी फळी उभी करून स्क्रू काढला आणि उलटी करून हलवली. एक थेंबही पडला नाही. त्यांनी ती पुन्हा हलवली.

निघायच्या दिवशी सकाळी योगिनी त्यांना हाताला धरून पाण्यात घेऊन गेली. पँट दुमडून ते गुडघ्यापर्यंत आले आणि थांबले. परतणाऱ्या लाटेनं पायाखालची वाळू ओढली तशी त्यांनी तिचा हात दोन्ही हातांनी पकडला. पुढे चला, ती म्हणाली नाही. तेही मागं फिरले नाहीत. आणखी तीन लाटा येऊन गेल्या, तोवर दोघं तसेच उभे होते.