खाली धरलेलं कोकरू

घोंगडी उन्हात टाकली की लोकरीच्या वासासरशी मी आष्टीच्या तंबू टॉकीजमध्ये जाऊन बसतो. मी शाळेत असताना एकदा आबांनी तिथं हीच घोंगडी अंथरली होती. पडद्यावर नेहमी खलनायक होणारा नट होता, पण या वेळी त्याला मेंढपाळ केलं होतं. लोक शिट्ट्या मारत होते. "आता चाकू काढतो बघ!" कुणीतरी ओरडलं.

पण त्या मेंढपाळानं नुकतंच जन्मलेलं कोकरू उचललं, जमिनीलगत धरलं आणि वाकून चालू लागला. मेंढी कोकराला हुंगत मागोमाग निघाली, तसे लोक हसायला लागले. जन्मभर मेंढरं राखलेले आमचे आबा ताडकन उभे राहिले.

"हसू नका! हिरो लोकं कोकरू छातीला कवटाळतेत. ह्यानं बराबर खाली धरलंय, म्हणून माय मागं येऊन राह्यली. ह्यो आपल्यातला हाय!"

माझ्या वर्गातली पोरं वळून बघायला लागली, तसं मी लाजेनं घोंगडीत तोंड खुपसलं.

आज तीच घोंगडी आत आणली, तेव्हा टीव्हीवर तोच नट होता. मुलीनं विचारलं, "पप्पा, हा व्हिलन ना?"

"न्हाई गं," मी घोंगडी तिच्या शेजारी अंथरत म्हणालो, "ह्यो आपल्यातला हाय."